हिरीच्या नावापुढचा तीन

बेडसे,
१४ जानेवारी १९६८

चि. रतन,

आशीर्वाद नेहमीचेच, त्यांत नवं काही नाही. तिळगूळ तुझ्या वहिनीने बांधून ठेवलाय, पण टपालाने धाडला तर मुंबईला नुसत्या मुंग्या पोचतील. कोणी येणारं-जाणारं मिळेपर्यंत तो इथेच थांबेल.

आपल्या गावची, औंढ्याची पोर मुंबईच्या ऑफिसात कार्डांना भोकं पाडते आणि त्याचा पगार घेते, यावर काकूचा अजून विश्वास नाही. तू शिवणकाम करतेस असं ती लोकांना सांगते. आता मात्र माझ्याकडे पुरावा आलाय. छातीचे फोटो काढणारी गाडी गेल्या आठवड्यात बेडश्याला येऊन गेली आणि तिच्या सगळ्या तक्त्यांवर तुझ्याच ऑफिसचा पत्ता छापलेला. पोरांना शिकवण्याखेरीज सरकारची उरलेली सगळी कामं मास्तरकडे असतात, तेव्हा तक्ते भरायला मीच बसलो.

ठाकरवाडीची माणसं खाली उतरतात की नाही याची धास्ती होती, पण सगळी आली. सावळा तर फोटोच्या वेळी इतका हसला की त्याचा फोटो हललाच. मग कामशेतला डॉक्टर एकेक फोटो उजेडात धरून आकडा सांगत गेले आणि मी नावापुढे लिहीत गेलो. एक म्हणजे निरोगी, दोन म्हणजे साधा खोकला, तीन म्हणजे क्षय, औषध सुरू करावे, चार म्हणजे फोटो नीट नाही. शब्द लिहायचे नाहीत, फक्त आकडा.

हिरीला तीन मिळाला. हिरी म्हणजे वाडीवरच्या शिदूची बायको. तिची चार वर्षांची बाया वय नसताना माझ्या वर्गात येऊन बसते आणि पहिलीच्या पोरांआधी पाढे म्हणते, तिच्याबद्दल तुला मागे लिहिलं होतं. गोळ्या लागू होईपर्यंत पोरीला आईजवळ झोपवू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी वाडीवर जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून बाया आजीजवळ, सावित्राबाईजवळ असते.

गोळ्या तुमची छापील यादी आल्यावरच मिळणार आहेत. तेव्हा बाई, हात जरा चालव.

तुझा,
दादा

---

परळ, मुंबई,
६ फेब्रुवारी १९६८

ती. दादा,

पत्र वाचून हसू आलं आणि मग हिरीशी थांबलं. तुमचे मावळचे तक्ते आले, मी स्वतः हातात घेतले. तुमचं अक्षर ओळखलं, तीनची शेपटी तुम्ही अजून तशीच लांब काढता. सगळी कार्डं पाडून झाली आणि गठ्ठे बांधून कपाटात गेलेसुद्धा. मुळशीचं काम संपलं की दोन्ही तालुक्यांच्या याद्या एकदम छापायच्या आहेत.

काकूला नाही, पण तुम्हाला समजावते. कार्डावर एका गोष्टीला एकच खाना असतो. ‘क्षय, औषध सुरू करावे’ एवढं त्यात मावणार कुठे? म्हणून आकड्याचं भोक पाडायचं. छापताना यंत्राला शब्दांची यादी द्यायची, की ते कार्डातला आकडा बघतं, यादीत त्या नंबरावर जो शब्द असेल तो उचलतं आणि कागदावर छापतं.

आता माझी बढाई ऐका. डॉक्टर मंडळींना यादीत एक नवीन प्रकार हवा होता: ‘जुना डाग, भरलेला, औषध नको’. साहेब म्हणाले, खाली पाच नंबर टाकून मोकळे व्हा. मला ते पटेना. निरोगी, खोकला, क्षय, बिघडलेला फोटो आणि त्याच्या खाली हा डाग, ही काय रीत झाली? मी यादी पुन्हा लिहून काढली. डाग खोकल्याच्या खाली तिसरा घेतला, क्षय चौथा, बिघडलेला फोटो पाचवा. साध्याकडून गंभीराकडे, कशी क्रमाने. साहेबांनी चार जणींसमोर कौतुक केलं आणि यापुढे याद्यांचं काम माझ्याकडे दिलं. आता मी दिवसभर भोकं पाडत नाही, खुर्चीवर बसून पेन्सिल चावते.

वहिनींना नमस्कार. हिरीच्या गोळ्यांचं मी बघते.

रतन

---

बेडसे,
३ मे १९६८

चि. रतन,

यादी आली. लांबलचक कागद, त्यावर आमच्या वाडीची नावं इंग्रजीत, आणि पुढे आकड्यांऐवजी शब्द. आधी आनंदाची बातमी देतो. हिरीच्या नावापुढे ‘जुना डाग, भरलेला, औषध नको’ असं आहे. मी तीन लिहिला होता हे मला पक्कं आठवत होतं, म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. मग वाटलं, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो परत पाहिला असेल. कामशेतच्या घाईपेक्षा तिथली नजर बरी.

मी त्याच दिवशी वाडीवर गेलो. हिरी अंगणात नाचणी पाखडत होती. तिला वाचून दाखवलं. तिने सूप खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, “मंग आता पोरीला कुशीत घ्यू का, गुरुजी?” मी म्हटलं, घे. रतन, तिचं तोंड तू पाहायला हवं होतंस. पोर मात्र चार महिन्यांत रुसली होती, आजीच्या पदराआडून येईचना. मग आली.

आता गंमत. आमच्या सावळ्याला क्षय निघालाय! तोच तो, फोटोत हसलेला. दोन मण भात एकटा पाठीवर घेऊन टेकडी चढतो. त्याला रोज गोळ्या खायच्यात आणि त्या खाल्ल्या की त्याचं जेवण जात नाही. वाडी त्याला हसते आणि तो मला शिव्या घालतो.

तुझ्या यादीच्या कौतुकाबद्दल लिहायचं राहिलंच. आमच्या हजेरीत असं चालत नाही हो. वर्षाच्या मध्येच कोणी पोर दाखल झालं, तर त्याचं नाव कितीही वरच्या अक्षराचं असो, नंबर शेवटचा. मध्ये घुसवलं तर खालच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि मागच्या महिन्याची हजेरी कोणाची कोणाला लागते. पण तुमची यंत्रं शहाणी असतील.

दादा

---

परळ,
२९ मे १९६८

ती. दादा,

सावळ्याला सांगा, गोळ्या सोडू नकोस. रोग वरून दिसत नाही, असं इथले डॉक्टर म्हणतात. हिरीचं वाचून फार बरं वाटलं, मी ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. दिवसभर नुसती भोकं आणि आकडे. त्यामागे कोणी पोरीला जवळ घेतं हे आम्हाला कधी कळत नाही.

हजेरीची गोष्ट छान. पण मास्तर, पोरं नंबर विसरतात, यंत्र विसरत नाही.

रतन

---

बेडसे,
२१ ऑक्टोबर १९६८

चि. रतन,

या खेपेला थट्टा नाही. हिरीची तब्येत बरी नाही. पावसात खोकत होती तेव्हा सर्दी म्हणून सोडून दिलं. दसऱ्यानंतर ती कापणीला आली आणि बांधावर बसली ती पुन्हा कामाला उठलीच नाही. परवा खोकल्यातून रक्त पडलं. शिदूने पाठीवर घेऊन तिला कामशेतला नेलं, तेव्हा नवीन डॉक्टर होते. त्यांनी तुमची यादी पाहिली आणि म्हणाले, हिचा डाग जुना आहे, हे दुसरं काही असेल. खोकल्याची बाटली दिली.

मी तीन लिहिला होता. हे मी मे महिन्यातच तुला विचारायला हवं होतं, पण बातमी चांगली होती म्हणून विचारलं नाही. आता विचारतो. माझ्या तीनचं तिकडे काय झालं?

दादा

---

परळ,
२ नोव्हेंबर १९६८

दादा,

तार आजच केली आहे, ती या पत्राआधी मिळेल. हिरीला क्षयच आहे. तिला लगेच गोळ्या सुरू करा, इंजेक्शनं द्यायला सांगा. डॉक्टरांनी यादी दाखवली तर तार पुढे करा.

तुमचं पत्र आलं आणि मी कपाटातून मावळचा गठ्ठा काढला. हिरीच्या कार्डात भोक तीनवरच आहे. तुम्ही बरोबर लिहिलंत, मी बरोबर पाडलं, यंत्राने बरोबर वाचलं. पण तुमचे तक्ते जानेवारीचे, जुन्या यादीप्रमाणे भरलेले. त्यात तीन म्हणजे क्षय. छापताना यंत्राला मी दिली ती नवी यादी, आणि तिच्यात तिसऱ्या जागी मी डाग नेऊन बसवला होता. मावळातल्या ज्याला ज्याला क्षय होता, त्या प्रत्येकाला आम्ही औषध नको म्हणून कळवलं. सावळ्याचा फोटो हललेला, त्याला चार होता, आणि चारच्या जागी मी क्षय ढकलला होता. तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, मी गंमत म्हणून वाचलं.

साहेब खाली टाका म्हणाले होते. हजेरीचं तुम्ही मला आधीच लिहिलं होतंत. मी उत्तर काय दिलं ते मला तोंडपाठ आहे.

तीनचे सगळे गठ्ठे हाताने चाळले. तुमच्या बाजूची अकरा माणसं आहेत. नावं सोबतच्या कागदावर माझ्या हाताने, शब्दांत लिहिली आहेत. पहिलं नाव हिरीचं. दादा, धावा.

रतन

---

बेडसे,
१७ नोव्हेंबर १९६८

चि. रतन,

तार मिळाली. कागदावरची माणसं शोधून काढली. पाच जण बेडश्याची, ती सोपी होती. दोघं वीटभट्टीवर गेली होती, त्यांना तळेगावच्या पुढे जाऊन गाठलं. एक म्हातारी औषध नकोच म्हणत होती, तिच्या लेकीला पटवलं. येसूबाई आणि तिचा दीर, दोघांना एकाच दिवशी इंजेक्शन सुरू झालं. दहा जणांना औषध सुरू आहे आणि डॉक्टर म्हणतात की दहाही जण बरे होतील. सावळ्याच्या गोळ्या बंद केल्या. तो त्या दिवशी पोटभर जेवला.

तू स्वतःला खात बसू नकोस. जेवत जा.

दादा

---

परळ,
२५ नोव्हेंबर १९६८

दादा,

पाच, दोन, एक, दोन. तुमचं पत्र मी बोटं धरून वाचलं. नावं मी अकरा पाठवली होती.

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही म्हणून तुम्ही लिहिलंच नाहीत. हिरीचं काय झालं ते सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.

रतन

---

बेडसे,
४ डिसेंबर १९६८

चि. रतन,

हिरी तीस ऑक्टोबरला गेली. तार आली तेव्हा तिचा चौथा दिवस होता. तू कितीही धावली असतीस तरी पोचली नसतीस. हे तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो. मेमध्ये मी विचारलं असतं तर पोचलो असतो, हेही खरंच आहे.

तार घेऊन मी पोस्टाच्या पायरीवर किती वेळ बसलो ते आठवत नाही. पुढचे आठ दिवस दहा माणसांमागे फिरलो, कारण फिरलो नसतो तर शिदूकडे जावं लागलं असतं. शेवटी गेलो. सगळं सांगितलं, यादी, नंबर, मधे घुसवलेला डाग. तुझं नाव सांगितलं नाही. माझं सांगितलं.

त्याला यादीचं किती कळलं कोण जाणे. तो कुडाला टेकून बसला होता. म्हणाला, “चूक हुती मानसाची. पर गुरुजी, तुमी घे म्हनला आन् तिनं पोरीला मंग सोडलीच न्हाई. खोकताना बी कुशीतच.”

रतन, मला तोपर्यंत बायाचं सुचलंच नव्हतं. सहा महिने ती आईच्या तोंडाशी तोंड लावून झोपली. तिला घेऊन मी आणि शिदू दुसऱ्याच दिवशी निघालो. फोटोची गाडी वडगावला होती, तिथे फोटो काढला. पोर हलली नाही, श्वास रोखून उभी राहिली. फोटो मुंबईला तपासायला येणार आहे. पाय धरून सांगतो, तो कार्डात जाऊ देऊ नकोस. डॉक्टरांच्या पुढे उभी राहा आणि ते काय म्हणतात ते अक्षरांत लिहून पाठव.

दादा

---

परळ,
२३ डिसेंबर १९६८

ती. दादा,

आधी हे:

बाया शिदू, वय पाच वर्षे, ठाकरवाडी, बेडसे. छाती स्वच्छ आहे. क्षय नाही. औषधाची गरज नाही. निरोगी.

फोटो डॉक्टरांनी माझ्यासमोर पाहिला. मी पुन्हा पाहायला लावला, त्यांनी पुन्हा पाहिला. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे नेला. दोघांच्या सह्या खाली आहेत. ही पोर इतकी जवळ राहून कशी सुटली याचं त्यांनाही नवल वाटलं.

साहेबांनी अहवालात ‘यंत्रातील दोष’ असं लिहिलं होतं. मी ते खोडून माझं नाव लिहिलं. ते रागावले, पण राहू दिलं. आता कुठल्याही शब्दाचा नंबर एकदा दिला की कोणी हलवायचा नाही, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर तो कुठल्या यादीने वाचायचा ते लिहायचं, असा नियम झालाय. मला पुन्हा भोकं पाडायला बसवलंय. तेच बरं आहे. हिरीचं कार्ड गठ्ठ्यातून काढायला परवानगी नाही. रोज कपाटासमोरून जाते.

मला वाडीवर यायचं आहे. शिदूला माझं नाव तुम्ही सांगू नका, मी सांगेन. काय बोलायचं ते माहीत नाही, पण येईन. तोवर एवढा कागद त्याला वाचून दाखवा. त्याला म्हणावं, पोरीला जवळ घे.

रतन

---

बेडसे,
२ मार्च १९६९

चि. रतन,

दोन महिने तुला लिहिलं नाही, कारण चांगलं लिहायला काही नव्हतं आणि लपवून मी एकदा पाहिलंय.

तुझा कागद मी त्याच दिवशी वाडीवर नेला. शिदू, सावित्राबाई, सावळा, सगळ्यांसमोर एकेक शब्द वाचला. सह्या दाखवल्या. शिदूने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, परत दिला. म्हणाला, “तिचा कागुदबी तुमीच वाचला व्हता.”

तेव्हापासून दर गुरुवारी, औषधाच्या दिवशी, तो बायाला चालवत कामशेतला आणतो. तीन तासांची वाट. खांद्यावर घेत नाही, पुढे चालायला लावतो आणि आपण चार पावलं मागून चालतो. रांगेत उभा राहतो. डॉक्टर नळी लावतात, पोर ठणठणीत आहे म्हणतात, तो मान डोलावतो आणि परत जातो. पुढच्या गुरुवारी पुन्हा. एकदा डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं, म्हणाले, गुरुजी, याला तुम्ही समजावा. मी समजावायला गेलो आणि दोन वाक्यांनंतर परत फिरलो. माझ्या बोलण्यावर त्याने विश्वास का ठेवावा?

बायाची गोधडी त्याने पलीकडच्या भिंतीशी टाकली आहे. ताटली वेगळी, गडू वेगळा. सावित्राबाईलाही तिला जवळ घ्यायची बंदी आहे. म्हातारी माझ्याजवळ रडली, म्हणाली, पोर आईविना झाली ती झाली, आता बापाविनाबी चालली. शिदू वाईट माणूस नाही, रतन. पोरीवर त्याचा जीव आहे, म्हणूनच तो असं करतो. आपण दोघांनी मिळून त्याच्या मनातून ‘निरोगी’ हा शब्द काढून घेतलाय आणि तो परत कसा ठेवायचा ते मला सुचत नाही.

तू ये. नक्की ये. पण तुझं ऐकून तो पोरीला जवळ करील, अशी आशा धरून येऊ नकोस.

काल मी वाडीवर गेलो होतो. बाया भिंतीशी एकटी बसून पाढे म्हणत होती. मला पाहून आली नाही, तिथूनच म्हणाली, “गुरुजी, म्या बरी झाली ना, की बा मला जवळ घेनार हाय.” मी म्हटलं, अगं, तू बरी आहेसच. तिने बापाकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मला राहवलं नाही. मी तिला उचलून मांडीवर घेतलं. शिदू उठला. त्याने तिला दंडाला धरून माझ्या मांडीवरून उतरवलं, परत भिंतीशी नेऊन बसवलं, आणि ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसला.

दादा